टर्बो बसवलेली छोटी गाडी दर उन्हाळ्यात नॉकिंग का मारते? नागपुरातल्या गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

नागपुरात साध्या पेट्रोल गाडीला बाहेरून टर्बो बसवून घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच मोसमात येते. काम दिवाळीनंतर होतं. डिसेंबर-जानेवारीत गाडी मस्त पळते. एप्रिल अर्धा सरला की ओव्हरटेक करताना पाय दाबताच इंजिनमधून बारीक टिणटिण ऐकू येऊ लागते. हेच नॉकिंग. मग पिकअप पडतो, चेक लाइट लागतो. गॅरेजवाला प्लग बदलतो, टाकीत ऑक्टेन बूस्टरची बाटली ओततो, स्कॅनर लावून कोड पुसून देतो. तेवढ्यात मृग लागतो, हवा गार होते, आवाज आपोआप बंद पडतो आणि मालकाला वाटतं, झालं काम. पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच रडगाणं.

"भाऊ, गाडी टिणटिण करून राहिली, टर्बो गेला का?" हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास येतो. टर्बो जातो तेव्हा लक्षणं वेगळी असतात: शिट्टीचा सूर बदलतो, निळा धूर निघतो, हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवला तर खेळ जाणवतो. नॉकिंगच्या गाड्यांत टर्बो बहुधा ठणठणीतच निघतो. गडबड असते ती मॅपिंगमध्ये, म्हणजे पेट्रोल किती आणि स्पार्क कधी हे कंप्युटरला सांगणाऱ्या आकड्यांत, आणि गाडीच्या नाकात. १२-१५ अंशांच्या सकाळी केलेलं मॅपिंग ४५ अंशांच्या दुपारी चालेल असं धरून ठेवलेलं असतं, आणि ते चालत नाही. म्हणून खालचा क्रम हवेपासून सुरू होतो. प्लग आणि बाटली नंतर.

आधी एक सक्त सूचना. आवाज ऐकू आला की त्याच क्षणी पाय सोडायचा आणि कारण सापडेपर्यंत गाडी बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब देऊ लागेल इतका पाय दाबून, न्यायची नाही. हळू चालवत घरी आणता येते, त्याने काही बिघडत नाही. पण "एकदा परत दाबून बघू" हे नको. नॉकिंगमध्ये प्लगपासून पसरणारी ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि दाबाची लाट पिस्टनवर आदळते. कंपनीने टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टन मजबूत असतो, त्याच्या पोटावर खालून तेलाचा फवारा मारलेला असतो, कॉम्प्रेशनही (सिलिंडर मिश्रण किती पट दाबतो ते) १० च्या आसपास ठेवलेलं असतं. साध्या छोट्या गाडीत यातलं काही असेलच असं नाही. नव्या पिढीच्या बिगर-टर्बो इंजिनांत तर ॲव्हरेज वाढावं म्हणून कॉम्प्रेशन ११-१२ पर्यंत नेलेलं असतं. अशा पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली पातळ पट्टी नॉकिंगने तुटते. ती तुटली की इंजिन उघडण्याशिवाय मार्ग नसतो.

खरंच नॉकिंग आहे का?

हे ठरवायला फार वेळ लागू नये. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तर टकटक इंजिन थंड असताना जास्त येते आणि धातू तापून फुगला की कमी होते. सायलेन्सरवरचं उष्णतारोधक पत्र्याचं कवच सैल असेल तर ते ठरावीक आरपीएमवर खडखडतं, गाडीवर लोड असो वा नसो. इंजेक्टरची टिकटिक आयडलवरही असते. नॉकिंग मात्र इंजिन पूर्ण तापल्यावर, लोडखाली, वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की येतं आणि पाय सोडताच थांबतं. पत्र्याच्या डब्यात बारीक खिळे हलवल्यासारखा तो आवाज एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चुकत नाही. टर्बोच्या शिट्टीत आणि एसीच्या पंख्यात तो दबून जातो, म्हणून काचा खाली करून, रस्त्याकडेच्या भिंतीजवळून किंवा उड्डाणपुलाखालून जाताना ऐका. आवाज भिंतीवर आपटून परत येतो.

शंका उरली तर प्लग काढा. गाडी लोडवर चालवून लगेच बंद केली आणि गार झाल्यावर प्लग काढला, तर पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतात. भिंगातून बघताना त्यांत एखादा चकचकीत, चंदेरी कण सापडला तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे. तो दिसल्यावर गाडी चालवायची नाही, टो करून न्यायची. चारही प्लग, किंवा तीन सिलिंडरच्या गाडीत तिन्ही, सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. एकाच प्लगवर ठिपके असतील तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर कमी पेट्रोल देतोय का ते आधी बघा. सगळ्यांवर असतील तर कारण सगळ्यांना सारखं लागू होणारं आहे: हवा, पेट्रोलचा दाब किंवा टायमिंग (प्लगने स्पार्क देण्याची वेळ).

हवा: नागपूरचा खरा प्रश्न

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. किती तापते याचा हिशेब कागदावर करता येतो आणि प्रत्येक मालकाने तो करून बघावा. समजा बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला जादा दाब, साधासाच आहे, ६ पीएसआय (साधारण ०.४ बार). कंप्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरू. हिवाळ्यात १५ अंशांची हवा आत घेतली तर टर्बोतून ती ६० अंशांच्या आसपास बाहेर पडते. मे महिन्यात ४५ ची घेतली तर ९५ च्या पुढे जाते. आणि फिल्टर बॉनेटखाली उघडा ठेवला असेल, जिथे उभ्या ट्रॅफिकमध्ये हवा सहज ६५ अंशांवर जाते, तर बाहेर पडणारी हवा १२० ला टेकते. बूस्टचा काटा तिन्ही वेळा ६ पीएसआयच दाखवतो. मालक काटा बघतो आणि म्हणतो, काही बदललं नाही.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारी जाळी, या तापमानातला मोठा हिस्सा काढतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा गार तो कधीच करू शकत नाही. सत्तर टक्के काम करणारा चांगला इंटरकूलर हिवाळ्यात हवा ३० अंशांवर आणतो. उन्हाळ्यात तोच इंटरकूलर ६० वर आणून सोडतो. म्हणजे सगळं व्यवस्थित बसवलेलं असतानाही सिलिंडरमध्ये जाणारी हवा तीस अंशांनी जास्त गरम. नागपूरचा पारा २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ पर्यंत गेला होता, आणि तोही सावलीतला आकडा. डांबरी रस्त्यावर बंपरच्या उंचीला हवा त्याहून गरम असते.

त्यामुळे पहिलं मोजमाप आत जाणाऱ्या हवेच्या तापमानाचं, म्हणजे स्कॅनरवरच्या आयएटीचं. ओबीडी पोर्टला (स्कॅनर जोडायच्या सॉकेटला) लावायचं साधं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइल एवढ्यावर ते दिसतं. पण त्याआधी सेन्सर कुठे बसलाय ते शोधा. इथे बहुतेक जण फसतात. काही गाड्यांत हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅप सेन्सरसोबत (हवेचा दाब मोजणारा; मॅपिंगशी नावापुरतंच साम्य) इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर असतो; तो टर्बो आणि इंटरकूलरच्या नंतर येतो, म्हणून खरा आकडा सांगतो. काही गाड्यांत तो फिल्टरच्या डब्यात किंवा त्यापुढच्या पाइपात असतो. टर्बो बसवताना तो तिथेच राहिला तर ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) हवा ४५ अंशांची दिसते आणि सिलिंडरला ७५ ची मिळते. कंपनीच्या मॅपमध्ये गरम हवेला टायमिंग मागे घ्यायची सोय असते, पण कंप्युटरला गरम हवा दिसलीच नाही तर तो घेणार कुठून? असा सेन्सर आधी इंटरकूलरनंतरच्या पाइपात हलवा. खर्च फार नाही आणि निम्म्या गाड्यांचं दुखणं एवढ्यावर हलकं होतं.

सेन्सर योग्य जागी असेल तर मे महिन्याच्या दुपारी, एसी चालू ठेवून, वर्धा रोडवर खापरीच्या पुढे बुटीबोरीच्या दिशेने स्थिर ७०-८० च्या वेगाने जा आणि आकडा बघा. बाहेरच्या हवेपेक्षा १०-१५ अंश जास्त असेल तर इंटरकूलर काम करतोय. पंचवीस-तीस अंश जास्त असेल तर काहीतरी अडतंय. मग शहरात, व्हरायटी चौकासारख्या ठिकाणी सिग्नलला थांबून बघा. आकडा चढणारच, बघायचं ते हे की गाडी सुटल्यावर तो किती पटकन उतरतो. दोन-तीन मिनिटांत उतरला नाही तर इंटरकूलर आणि पाइप उष्णता धरून बसलेत.

का धरून बसतात? छोट्या गाडीच्या नाकात जागा नसते. सर्वात पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, त्यामागे पंखा. त्यात इंटरकूलर घुसवायचा म्हणजे कुणाची तरी हवा अडणार. इंटरकूलर कंडेन्सरच्या मागे गेला तर त्याला आधीच तापलेली हवा मिळते आणि वरच्या हिशेबातले ६० अंश ७० होतात. पुढे आला तर एसी गार करत नाही, आणि नागपुरात मे महिन्यात एसीशिवाय गाडी कुणी चालवत नाही. मला बंपरच्या खालच्या जाळीसमोर, आडवा, कमी उंचीचा इंटरकूलर बरा वाटतो. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर पत्र्याच्या किंवा जाड फोमच्या पट्ट्या लावून हवा बाजूने निसटणार नाही असं बघायचं. ही पट्ट्यांची कामं अर्ध्या दिवसाची असतात आणि जवळजवळ सगळेच ती सोडून देतात. इंटरकूलर टांगला, पण हवा त्याच्यातून न जाता त्याच्या कडेने जाते.

फिल्टर बॉनेटखाली उघडा असेल तर तो बंद डब्यात घ्या आणि डब्याचं तोंड हेडलाइटमागे किंवा फेंडरमध्ये, बाहेरची हवा मिळेल तिथे काढा. टर्बोच्या गरम घरावर आणि डाउनपाइपवर (टर्बोनंतरच्या सायलेन्सरच्या पाइपावर) उष्णतारोधक गुंडाळी करा. टर्बाइनकडे येणारा वायू पेट्रोल इंजिनात ८५०-९०० अंशांवर जातो आणि त्याची धग थेट हवेच्या पाइपावर पडत असते.

यातच एक मोह आहे, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ९-१० टक्के विरळ असते. म्हणून उन्हाळ्यात कुठलीही गाडी थोडी दबतेच. त्यात बिघाड काही नाही. ती दबली म्हणून बूस्ट कंट्रोलरचा स्क्रू आणखी दोन फेरे पिळणं, हा इंजिन मारण्याचा सरळ मार्ग आहे. बूस्ट वाढवला की हवा आणखी तापते आणि नॉकिंगची हद्द आणखी जवळ येते.

पेट्रोल: काटा दाखवत नाही ती तूट

हवा ठीक करूनही आवाज राहिला तर पेट्रोलकडे वळा. बाहेरून बसवलेल्या टर्बोत इथली चूक जवळपास ठरलेली असते.

साध्या गाडीचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबाच्या किंचित वरपर्यंतच मोजतो. बूस्ट आला की त्याचा आकडा वर जाऊन अडकतो आणि ईसीयू त्याच कमाल आकड्याचं पेट्रोल देत राहतो. ६ पीएसआयला हवा ३०-४० टक्के जास्त येते, पेट्रोल तेवढं वाढत नाही. त्यात पेट्रोलचा दाब ठेवणारा रेग्युलेटर हल्लीच्या गाड्यांत टाकीतच असतो. त्याला मॅनिफोल्डमध्ये बूस्ट आलाय हे कळत नाही. रेलमध्ये (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत) ३ बार दाब असेल आणि मॅनिफोल्डमध्ये ०.४ बारचा बूस्ट, तर इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक २.६ बारच उरतो. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल सात टक्क्यांच्या आसपास घटतं. गरज वाढलेली, पुरवठा घटलेला.

थंडीत हे का चालून जातं? थंड हवेत नॉकिंगची हद्द लांब असते, म्हणून थोडं कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण इंजिन सहन करतं. उन्हाळ्यात ती सवलत संपते.

तपासणी दोन गोष्टींची. रेलवर प्रेशर गेज लावून लोडखाली दाब बघा. आयडलवर ठीक दिसणारा दाब चार हजार आरपीएमवर पाव बारने खाली येत असेल तर पंप, फिल्टर किंवा वायर कमी पडतेय. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. अल्टरनेटर १३.८ देत असताना पंपाला १३ च्या खाली मिळत असेल तर पंप बदलण्याआधी वायरिंग आणि अर्थिंग बघा. एसी, दोन्ही पंखे आणि हेडलाइट चालू ठेवूनच मोजा, कारण बिघाड तेव्हाच दिसतो. उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पंप पेट्रोलनेच गार होतो.

दुसरी गोष्ट वाइडबँड सेन्सर, म्हणजे सायलेन्सरच्या वायूवरून हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा. तो नसेल तर कुणालाही मॅपिंग करू देऊ नका. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर बूस्टमध्ये काय चाललंय ते सांगत नाही. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्याने पूर्ण ज्वलनाचं हवा-इंधन प्रमाण १४.७ नसून साधारण १३.५ असतं. म्हणून गेज लॅम्बडावर ठेवा, गोंधळच नाही: पेट्रोल कुठलंही असो, पूर्ण ज्वलनाला आकडा १, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त. बूस्टमध्ये ०.८० च्या आसपास हवं. पूर्ण पाय दाबलेला असताना ०.८८-०.९० दिसत असेल तर नॉकिंगचं कारण सापडलं असं समजा.

इथेनॉलला लोक उगाच शिव्या घालतात. नॉकिंगच्या बाबतीत तो मदतच करतो, ऑक्टेन वाढवतो आणि बाष्प होताना हवा गार करतो. अडचण एवढीच की त्याला जास्त पेट्रोल सोडावं लागतं. जुन्या पेट्रोलवर केलेलं मॅपिंग ई-२० वर बूस्टमध्ये आपोआप कोरडं पडतं. साध्या चालीत ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून भरपाई करतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (या भरपाईची टक्केवारी) अधिक ८-१० दिसतो तो त्यामुळेच. पूर्ण पाय दाबल्यावर मात्र ही भरपाई करणारा सेन्सर बघितलाच जात नाही. पी०१७१ (मिश्रण कोरडं) कोड आला असेल तर तो या गोष्टीची सूचना आहे, पुसून टाकू नका. अर्थात इंटरकूलरच्या पाइपाची क्लिप सैल असणं किंवा मॅनिफोल्डला हवा गळणं हेही त्याच कोडमागे असू शकतं. साबणाचं पाणी मारून, पाइपात थोडा हवेचा दाब देऊन बुडबुडे बघा.

बूस्ट ६ पीएसआय असला तरी मोठे इंजेक्टर, मोठा पंप आणि निदान २ बारचा मॅप सेन्सर हवाच, असं माझं मत आहे. टर्बो किटसोबत फक्त पिगीबॅकचा डबा (मूळ कंप्युटरचे सिग्नल बदलणारा जोडडबा) देणाऱ्याकडून काम करून घेऊ नये.

प्लग आणि टायमिंग

प्लग मूळ गाडीपेक्षा एक पायरी गार घ्या. इथे नंबरांत फसगत होते: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे गार प्लग, बॉशमध्ये उलट. गॅप मूळ १.० किंवा १.१ मिलिमीटर असेल तर ०.७ ते ०.८ वर आणा, नाहीतर बूस्टमध्ये स्पार्क विझतो आणि गाडी मिस मारते. मिसिंगचे झटके आणि नॉकिंगची टिणटिण यांची गल्लत करू नका, उपाय वेगळे आहेत.

टायमिंग मागे घेणं हे काम मॅपिंगवाल्याचं, पण त्याला काय विचारायचं ते मालकाला माहीत हवं. विचारा: "दादा, हवेच्या तापमानाप्रमाणे टायमिंग कमी करायचा टेबल भरलाय का?" पुष्कळदा तो कोराच असतो. मी सांगतो तो ढोबळ आकडा असा: इंटरकूलरनंतरची हवा ५० च्या वर गेली की दर ५-६ अंशांना एक डिग्री टायमिंग मागे, आणि ७० च्या वर बूस्टही खाली. नॉक सेन्सर चालू ठेवून मॅप करा. काही ठिकाणी सेन्सर "उगाच गाडी मारतो" म्हणून त्याची संवेदनशीलता कमी करून ठेवतात. नागपुरात हे करणं म्हणजे पुढच्या मे महिन्यात इंजिन उघडायची सोय करून ठेवणं. पी०३२५ कोड असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत बूस्ट नाही.

तेल, ज्याकडे कुणी बघत नाही

हवेच्या मार्गात तेल शिरलं तर मिश्रणाचं ऑक्टेन घसरतं आणि सगळं नीट असूनही नॉकिंग येतं. इंटरकूलरचा खालचा पाइप काढून बघा. आतून हलका ओलावा चालतो. पाइप वाकडा केल्यावर तेल ओघळत असेल तर चालणार नाही.

तेल दोन वाटांनी येतं. पहिली पीसीव्ही व्हॉल्व्हची, जो इंजिनच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडतो. बिगर-टर्बो गाडीत मॅनिफोल्डमध्ये कायम ओढ असते, म्हणून तो व्हॉल्व्ह उलटा दाब थांबवायला बनवलेला नसतो. बूस्ट आला की हवा त्यातून क्रँककेसमध्ये शिरते, डिपस्टिक वर उचलली जाते, सीलांतून तेल गळतं. तिथे एकमार्गी व्हॉल्व्ह आणि तेल अडवणारा कॅच कॅन लावा. दुसरी वाट टर्बोच्या तेलाच्या परतीच्या नळीची. टर्बोतून तेल केवळ उतारानं खाली यायचं असतं. नळी बारीक असेल, कुठे दबली असेल, किंवा चेंबरला (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या भांड्याला) तेलाच्या पातळीखाली जोडली असेल, तर तेल टर्बोत तुंबतं आणि सीलातून बाहेर पडतं. सील बदलून काही होत नाही. नळी जाड, सरळ उताराची आणि पातळीच्या वर जोडलेली हवी.

तेलाचा दर्जाही बघा. ॲव्हरेजसाठी कंपनी पातळ तेल सुचवते. टर्बो बसवल्यावर आणि इथल्या उन्हाळ्यात फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० बरं, आणि बदलायचं अंतर निम्म्यावर आणा. जोरात चालवून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा.

वेस्टगेटची बारीक नळी

वेस्टगेट म्हणजे जादा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी आणि बूस्ट आवरणारी झडप. टर्बोपासून तिला उघडणाऱ्या ॲक्चुएटरकडे जाणारी चार-पाच मिलिमीटरची रबरी नळी बॉनेटच्या उष्णतेने कडक होऊन तडकते. तडकली की ॲक्चुएटरला दाब पोचत नाही, वेस्टगेट बंदच राहतो आणि बूस्ट बेसुमार चढतो. पी०२३४ (बूस्ट जास्त) कोड दिसला तर आधी हीच नळी बघा. सिलिकॉनची बसवा आणि दोन्ही टोकांना क्लिप मारा.

कागदपत्रं

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात विमा कंपनी दावा नाकारू शकते. रोज ऑफिसला जायची एकच गाडी असेल तर मी माणसाला स्पष्ट सांगतो: ही गाडी विका आणि कंपनीतून टर्बो आलेली छोटी गाडी घ्या. बाजारात आता पुष्कळ आहेत. किट, पंप, इंजेक्टर, मॅपिंग, क्लच असा सगळा खर्च एकत्र लिहून काढला की हा सल्ला लोकांना पटतो. टर्बो ट्रॅकच्या किंवा प्रोजेक्टच्या गाडीसाठी ठेवा.

इंजिन उघडायचं कधी

कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय नवं मॅपिंग करू नका. सगळे प्लग काढून, इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. सिलिंडरांमध्ये आपसांत एक बारपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा उठला तर रिंगा किंवा रिंगेची पट्टी गेली आहे. उठला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. रेडिएटरच्या झाकणात बुडबुडे येत असतील, वरचा होज सकाळी गार गाडीतही दगडासारखा टणक असेल, तर गॅस्केटच.

टेस्ट चांगली आली तर मॅपिंग परत करा, पण ते मे महिन्यातच करा, नवतपात जमलं तर उत्तम, दुपारी दोन ते चारच्या मध्ये, एसी चालू ठेवून. डायनो (गाडी जागेवर रोलरवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) मिळाला तर समोरचा पंखा मोठा मागा. छोट्या पंख्यासमोर इंटरकूलर गार होत नाही आणि मॅप चुकतो. एकदा पाय दाबून आकडे घेऊ नका. लागोपाठ तीन वेळा दाबा आणि तिसऱ्या वेळचे आकडे खरे धरा.

त्यानंतर रस्त्यावरची पारख. समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने हवा भरपूर लागते, तिथे गाडी शहाण्यासारखी वागते. तिथली चाचणी पुरेशी नाही. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाटात चार माणसं बसवून, एसी लावून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कायद्याच्या वेगात चढवा. वेग कमी, लोड जास्त आणि नाकावर वारा नाही, म्हणजे इंटरकूलरची खरी परीक्षा तिथे होते. शेजारी बसलेल्याने आयएटी, लॅम्बडा आणि नॉक रिटार्ड (नॉकिंग ऐकून कंप्युटरने किती डिग्री टायमिंग मागे घेतलं ते) हे तीनच आकडे बघत राहायचे, चालवणाऱ्याने रस्ता. घाट संपेपर्यंत आयएटी ७५ च्या आत आणि नॉक रिटार्ड शून्य-एकच्या आसपास राहिला तर गाडी मालकाला द्यायला हरकत नाही. ८० ओलांडत असेल तर परत आल्यावर त्या तापमानापुढे बूस्ट वेस्टगेटच्या स्प्रिंगएवढाच राहील अशी मर्यादा मॅपमध्येच टाकून घ्या.